जावई, गाढव आणि अकरा हजार आठशे चौसष्ट फूट

आमच्याकडे यायच्या आधी माझा जावई महिनाभर तंबूत झोपला. रानात नाही, स्वतःच्या बेडरूममध्ये, पलंगावर. लुइझियानात त्यांचं घर समुद्राला इतकं लागून आहे की मोठी भरती आली की गाडी उंचावर नेऊन लावावी लागते. तिथे या गृहस्थाने पलंगावर प्लास्टिकचा तंबू ठोकला, त्याला एक घरघरणारं यंत्र जोडलं, आणि ते यंत्र रात्रभर तंबूतली हवा डोंगरावरच्यासारखी विरळ करत बसलं. माझी मुलगी डायना सहा महिन्यांची गरोदर. ती बाहेर सोफ्यावर.

"आई, त्याची तयारी चाललीय," ती फोनवर सांगायची.

"कसली?"

"तुझ्या शर्यतीची."

"मग पळतो कधी?"

"सध्या झोपतोय."

हा रेमी फॉन्टेनो माणूस वाईट नाही. दारू बेताची, बोलणं गोड, आणि समुद्रकाठच्या सपाट रस्त्यावर सव्वीस मैल सलग पळतो म्हणतात. पण मला प्रत्येक वाक्यात 'मॅम' म्हणतो. त्यांच्याकडे तशी रीत आहे म्हणे. हार्डवेअरच्या दुकानात चाळीस वर्षं खिळे विकल्यावर अचानक कोणी मॅम मॅम करायला लागलं की आपण शाळातपासणीला आलोय असं वाटतं.

तरी मला तोच हवा होता, कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आमचं गॅलेना फोर्क्स दहा हजार दोनशे फुटांवर आहे. जुलैच्या शेवटच्या शनिवारी इथे गाढवाबरोबर पळायची शर्यत असते. चौदा मैल. खिंडीपलीकडच्या तळ्यापर्यंत वर जायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. गाढवाच्या पाठीवर कुदळ, फावडं आणि सोनं चाळायची परात बांधलेली हवी, माणसाच्या हातात दोर हवा. गाढवाला ढकला, ओढा, त्याच्या पाया पडा, अंगात ताकद असेल तर खांद्यावर घेऊन या, सगळं चालतं. फक्त त्याच्यावर बसायचं नाही.

मोठ्या रस्त्याची रुंदी बघून जागा तीसच ठेवल्यात, आणि त्या घराण्यांकडे चालत आलेल्या. सतरा नंबर माझ्या बाबांचा. त्यांच्यानंतर माझा. पण सलग तीन वर्षं जो शर्यत पुरी करणार नाही त्याचा नंबर जातो, आणि प्रतीक्षायादीत दीडशे नावं आहेत. बहुतेक सगळी उन्हाळ्यापुरते बंगले बांधणाऱ्यांची. त्यांच्या गाढवांच्या गाडीला एसी आहे.

दोन वर्षं माझी गेली होती. पहिल्या वर्षी आमची ऑगस्टा ओढ्यात बसली ती तिसऱ्या दिवशी उठली. ऑगस्टा म्हणजे आमची गाढवीण. दुसऱ्या वर्षी ती बसली नाही, मी बसले. गुडघा गेला. वसंतात डॉक्टरने तो काढून लोखंडी बसवला आणि म्हणाला, चाला, पळू नका. डायनाचं पोट पुढे आलेलं. म्हणजे सतरा नंबर वाचवायचा तर रेमी.

रेमी डायनाला घेऊन दहा दिवस आधी आला. तीन सुटकेसा आणल्या. एकीत कपडे होते. दुसरीत पळताना चोखायच्या गोड चिकाच्या पुड्या. वर येताना हवेचा दाब कमी होतो हे आमच्या गावातल्या पोराला विचारलं असतं तरी कळलं असतं. पुड्या फुगल्या आणि फुटल्या, आणि तो चीक त्याच्या सगळ्या मोज्यांत गेला. तिसऱ्या सुटकेसमध्ये यंत्रं. त्यांतलं एक बोटाला लावायचं, की रक्तात किती प्राणवायू आहे ते सांगतं. पहिल्या रात्री जेवताना त्याने ते सगळ्यांना लावलं.

"मॅम, तुमचा नव्वद आहे," तो पांढराफटक पडून म्हणाला. "आपण दवाखान्यात जाऊ या."

"रेमी, मी साठ वर्षं नव्वदवरच आहे. बटाटे घे."

"आमच्याकडे नव्वदला रुग्णवाहिका बोलावतात."

"तुमच्याकडे रस्त्यावर मगरी असतात. बटाटे घे."

दुसऱ्या दिवशी त्याने ते यंत्र ऑगस्टाच्या कानाला लावलं. आकडा काही कळला नाही, कारण ऑगस्टाने मान झटकली, यंत्र खाली पडलं आणि तिने ते चावून बघितलं. ते गेलं ते बरं झालं असं मी म्हटलं. त्याच्याकडे दुसरं होतं.

पहिला सराव. घरासमोरून मोठ्या थाटात निघाला. मी खिडकीतून बघत होते. पहिला दिव्याचा खांब पळत, दुसरा पळत, तिसऱ्याला कवटाळलं. तेवढ्यात मागून मेबल आजी आल्या. वय एक्याऐंशी, नाकात प्राणवायूची नळी, सिलेंडर चाकाच्या पिशवीत. पोस्टात निघाल्या होत्या. त्याच्या शेजारून गेल्या, दहा पावलांवर थांबल्या आणि मागे बघून म्हणाल्या, "बाळा, तोंड मिटून घे. माश्यांचे दिवस आहेत."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट पोस्टात आलेल्या प्रत्येकाला कळली होती.

मग त्याने डब्यातली हवा आणली. पेट्रोलपंपावर पर्यटकांसाठी मिळते ती. तोंडाला लावायची, दाबायची, फुस्स. सहा डबे. मी माझ्या दुकानात स्वतः तेच डबे विकते, म्हणून मला माहीत आहे की त्यांच्यात डब्याखेरीज काही नसतं. बरं, फुंकायचे तर घरात फुंक. हा व्हरांड्यात बसून फुंकायचा. सतरा नंबरवाल्यांच्या व्हरांड्यात, जिथे बसून बाबा पाइप ओढायचे.

"डायना, त्याला आत घे," मी म्हटलं. "लोक बघतायत."

"आई, त्याला धाप लागते गं."

"मलाही लागते. मी काय बाजार मांडते?"

सोमवारी त्याच्या घरी राजमा-भात असतो. आजीपासूनची पद्धत. त्याने सोमवारी सकाळी राजमा शिजायला टाकला. मी म्हटलं, इथे पाणी लवकर उकळतं पण तापत नाही, कुकर लाव. तो म्हणाला, मॅम, आजीने कधी कुकर वापरला नाही. मी म्हटलं, तुझी आजी गुडघाभर पाण्यात राहायची. ऐकलं नाही. सोमवारी राजमा शिजत होता. मंगळवारी शिजत होता. बुधवारी रेमी म्हणाला की आता झाला असावा, आणि आम्ही गारगोट्या खाल्ल्या. आता या उंचीवर पुड्या फुगतात तसं माणसाच्या पोटातलं वारंही फुगतं, हे मी सभ्यपणे कसं सांगू? एवढंच सांगते की गुरुवारी डायना पुन्हा सोफ्यावर झोपली, आणि या वेळी तंबूचा काही संबंध नव्हता.

सगळ्यात डोक्यात गेलं ते त्याचं घड्याळ. ते उंची सांगायचं, नाडी सांगायचं, झोप किती झाली ते सांगायचं, आणि रोज सकाळी निकाल द्यायचं.

"आज काय म्हणतंय?" मी कॉफी ओतताना विचारायची.

"म्हणतंय, आज विश्रांती घ्या."

"काल काय म्हणालं होतं?"

"विश्रांती घ्या."

"अरे, शर्यत आली तीन दिवसांवर. ऑगस्टाबरोबर एकदा तरी खिंडीपर्यंत जाऊन ये."

तो गोठ्यात गेला. दोर धरला, वाकून म्हणाला, "मॅम, निघू या का?" ऑगस्टाने त्याच्याकडे बघितलं. गाढवाला विचारायचं नसतं. गाढवाला विचारलं की ते विचार करतं, आणि विचार केलेल्या गाढवाला जगात कोणी हलवू शकत नाही. दीड तास दोघं गोठ्याच्या दारात उभे होते. शेवटी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक शिवी हासडली तेव्हा ती चालायला लागली. रेमीपण.

शनिवार उजाडला. नऊला बंदूक उडाली. रेमीच्या दंडावर एक कागद चिकटवला होता, कोणत्या मैलाला नाडी किती ठेवायची, कुठे किती सेकंद थांबायचं. ऑगस्टाने कागद वाचला नव्हता. एकोणतीस गाढवं पुढे धावताहेत म्हटल्यावर तिला चेव आला आणि तिने कोपऱ्यापर्यंत जावयाला तोंडावर ओढत नेलं. मोठ्या रस्त्यावर हशा. मी आकाशाकडे बघत उभी.

रेषेपाशी मुख्य पंच ऑरिनकाका बसले होते. माझ्या बाबांचे जोडीदार, वय ब्याऐंशी, मांडीवर वही, कानाला वायरलेस. वाटेवरच्या ठाण्यांवरून खबर यायची, काका ती मोठ्याने सांगायचे.

"सतरा नंबर, गंधकाचा ओढा ओलांडला. पोरी, बसली नाही तुझी ऑगस्टा."

मी श्वास सोडला.

"सतरा नंबर, तळ्याला वळसा. गाढव आहे, माणूस आहे."

"कसा आहे माणूस?"

काकांनी वायरलेसवर विचारलं. "तोंड हिरवं पडलंय म्हणतायत."

"चालेल."

मग बराच वेळ काही नाही. पहिली जोडी आली, दुसरी आली. मग काका वायरलेस कानाशी दाबून म्हणाले, "सतरा नंबर, भट्टीची जुनी चिमणी. गाढव आहे." थांबले. "माणूस यायचाय."

बारा वाजून दहा मिनिटांनी ऑगस्टा एकटीच मोठ्या रस्त्याने डौलात आली. कुदळ शाबूत, फावडं शाबूत, परात शाबूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेषेच्या अलीकडे फुलांची कुंडी होती, ती खात उभी राहिली.

गाढव सुटलं तर काय, याचा नियम साधा आहे. जिथे हातातून सुटलं तिथपर्यंत त्याला परत न्यायचं आणि तिथून पुन्हा यायचं. नियम कडक आहे. म्हणूनच गावाने त्याची एक सोय लावलीये. पंच विचारतो, कुठे सुटलं? माणूस सांगतो, स्मशानाच्या वळणावर. स्मशानाचं वळण रेषेपासून तीनशे पावलांवर आहे. गाढव घ्यायचं, वळणाला हात लावून यायचं, झालं. ऑरिनकाकांच्या वहीत पन्नास वर्षांची नोंद आहे, आणि त्या नोंदीप्रमाणे पन्नास वर्षांत सुटलेलं प्रत्येक गाढव स्मशानाच्या वळणावरच सुटलेलं आहे. एका वर्षी एकाच वेळी अकरा सुटली. ही सोय माझ्या बाबांनी सुरू केली असं म्हणतात. गावात हे कोणी कोणाला शिकवत नाही, जन्मतःच माहीत असतं.

आणि इथेच माझी चूक झाली. मी त्याला राजमा, मोजे, माश्या, सगळ्यांवरून बोलले, आणि हे सांगायचं राहिलं.

बारा पस्तीसला रेमी आला. गुडघे सोलले होते, ओठ निळे, डोळे कुठेतरी. ऑरिनकाकांनी पेन उघडलं आणि प्रेमाने विचारलं.

"काय रे बाबा, सुटली का तुझी? कुठे सुटली? तिथे स्मशानाच्या वळणावर, होय ना?"

मी काकांच्या मागे उभी राहून मान डोलावत होते. हो म्हण. डायना मान डोलावत होती. मेबल आजी नळीसकट मान डोलावत होत्या.

"नाही सर," रेमी म्हणाला. "खूप वर."

"नीट आठव. धाप लागली की माणसाला जागा कळत नाहीत. वळणावर एक पांढरं फाटक आहे. फाटक बघितलंस ना?"

"फाटक बघितलं सर. पण ती तळ्यावरून उतरताना सुटली. मी कागदाप्रमाणे तीस सेकंद थांबलो होतो, ओकत होतो, दोर खाली ठेवला." आणि या महाभागाने मनगटावरचं घड्याळ काढून काकांच्या हातात दिलं. "यात आहे सगळं. अकरा हजार आठशे चौसष्ट फूट. अकरा वाजून सोळा मिनिटं. इथून चार मैल."

डोलणाऱ्या सगळ्या माना जागच्या जागी थांबल्या. फक्त ऑगस्टा फुलं खात होती.

काकांनी घड्याळाकडे असं बघितलं की जणू मेलेला उंदीर हातात दिलाय. चारशे माणसांसमोर दिलेलं. प्रतीक्षायादीतले दोन जण तर तिथेच उभे होते, टोप्या घालून.

"आता मला लिहावं लागेल, पोरी," काका मला हळूच म्हणाले.

"लिहा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शर्यत तीनला बंद होते. दोन तास पंचवीस मिनिटं उरली होती, चार मैल वर, चार मैल खाली, आणि माणूस असा की सरावाच्या दहा दिवसांत तीन खांबांच्या पुढे पळाला नव्हता.

"रेमी," मी म्हटलं, "बैस बाबा. झालं ते झालं."

"नाही मॅम," तो म्हणाला. "मी सोडलं, मी नेतो."

त्याने दोर उचलला. ऑगस्टा हलेना. घर जवळ आलेलं गाढव उलट्या दिशेने कधी गेलंय? "मॅम, प्लीज," तो तिला म्हणाला. नियमाप्रमाणे गाढवाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नसतो. पण तोंड चालवायला बंदी नाही. मी काठी घेतली, तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि सुरू केलं. ऑगस्टाच्या आईपासून सुरू केलं. तिथून एसीवाल्या गाढवांवर गेले, मग तंबूवर, मग राजम्यावर, मग घड्याळ बनवणाऱ्यावर. ऑगस्टाने कान पाडले आणि चढणीला लागली. तिला जन्मभर एकच गोष्ट ठाऊक आहे, की या आवाजापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जावं. रेमीलाही दहा दिवसांत तेच कळलेलं दिसलं.

मैलभर मी मागे होते. जुन्या चिमणीपाशी लोखंडी गुडघ्याने दगा दिला. मी दगडावर बसले आणि ते दिसेनासे होईपर्यंत ओरडले, मग आवाजही बसला.

तिथून गाव दिसतं, पण रेषा दिसत नाही. बसून राहिले. बाबांनी सतरा नंबर सांभाळला, मी घालवणार, तेही खरं बोलल्यामुळे. आमच्या घराण्यात हे कधी झालं नव्हतं. मनात आलं की तो अर्ध्यातून परत फिरेल. घड्याळ काकांकडे, वर कोणी नाही, कोण बघणार? मी तर फिरले असते. मग त्याचं तोंड आठवलं आणि कळलं की हा मूर्ख थेट तिथे, ओकला होता त्याच दगडापाशी जाणार. राग राग आला.

दोन चाळीसला वरून घंटा वाजल्यासारखा आवाज आला. परात कुदळीवर आपटत होती. वळणावरून दोघं उतरले. ऑगस्टा पळत होती आणि रेमी तिच्याबरोबर पळत होता, दोर ढिला, दोघांच्या तोंडाला फेस. मनगटावर काही नाही, दंडावरचा कागद कुठे पडलेला. धापेचा आवाज कोणाचा जास्त ते सांगता आलं नसतं.

"मॅम, तुम्ही अजून इथे?" त्याने विचारलं.

"पळ," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, पण ओठ बघून दोघांनाही समजलं.

तीनला गावात भोंगा वाजला. मी दगडावरच. काही कळायला मार्ग नाही. अर्ध्या तासाने डायना गाडी घेऊन आली, पोट स्टिअरिंगला टेकलेलं.

"काय झालं ते सांग आधी," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"दोन अठ्ठावन्नला तिचं नाक रेषेपलीकडे गेलं."

"झालं तर."

"नाही झालं. त्या टोपीवाल्यांनी हरकत घेतली. म्हणाले, हा खरंच तिथवर गेला होता याला पुरावा काय? घड्याळ तर पंचांच्या खिशात. ऑरिनआजोबांनी घड्याळ बाहेर काढलं. ते म्हणत होतं, विश्रांती उत्तम चालली आहे."

"मग?"

"मग आजोबांनी रेमीला विचारलं, गेला होतास का? रेमी म्हणाला, हो सर. आजोबांनी वही मिटली. म्हणाले, स्मशानाचं वळण नको म्हणणारा पन्नास वर्षांत हा एकच माणूस बघितलाय मी, याच्याकडे पुरावा मागणार असाल तर मग आधी सगळ्यांचाच मागू. नंबर सतरा, पूर्ण."

मी गाडीत बसले. गुडघा कलिंगडाएवढा झाला होता, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्याचं नव्हतं. डायनाला सांगितलं की धूळ आहे.

संध्याकाळी शर्यतीचं जेवण पोस्टाच्या मागच्या मैदानात असतं. भाजलेलं मांस, मका, बिअर. रेमी बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, गाल मक्यावर टेकून. मला वाटलं लोक येतील, पाठ थोपटतील. लोक आले. पहिली आली नऊ नंबरवाली थेल्मा, तिच्यामागे चोवीस नंबर, त्याच्यामागे आणखी सहा-सात जण, बश्या हातात घेऊन, आणि माझ्याभोवती उभे राहिले. कोणाच्याही तोंडावर अभिनंदन दिसेना.

"लोर्ना, तुझा नंबर वाचला, आनंद आहे," थेल्मा म्हणाली. "पण काकांच्या वहीत आता अकरा हजार आठशे चौसष्ट लिहिलंय. शाईने. आणि ते टोपीवाले कमिटीला सांगतायत की पुढच्या वर्षी प्रत्येक गाढवाच्या गळ्यात तसलं घड्याळ बांधा."

"मग मी काय करू?"

"ते तू सांग, जावई तुझा," ती रेमीकडे बोट दाखवून म्हणाली. "आमची गाढवं आता सुटायची कुठे?"